एकोणिसावा एक

हॅलो? …हो, मीच. या घरात फोन दुसरं कोण उचलणार?… बोल, धाकटे. …नातीच्या भाषणासाठी? मग कागद घे आणि नीट लिही. पणजोबा जमिनी मोजत, आजोबा बंदरात भरती-ओहोटीची कोष्टकं मांडत, आप्पा शाळेत गणित शिकवत. …चौथ्या पिढीत आपण दोघी. आधी मी, मग तू. त्याच क्रमाने लिही.

…विषय कोणता? …आप्पांची संख्या? सलग एकोणीस एक?… अगं ऐक ना, त्यात सांगण्यासारखं काय आहे? उलटी वाच, सुलटी वाच, तीच. ‘जिला भाजक सापडेल तिला माझं पेन’ म्हणाले आप्पा, मी तिनाने भागून दाखवलं, पेन मला मिळालं. संपलं.

…मूळ संख्या आहे? म्हणजे कशानेच भाग जात नाही?… कोण म्हणतं?… तिचा संगणक. …जगाला केव्हाच ठाऊक होतं? आपल्याच घराला तेवढं नव्हतं म्हणायचं.

हो, हो… ऐकते आहे. भाजक असलाच, तर त्याला अडतिसाने भागून बाकी एकच उरायला हवी. …म्हणजे तपासायचे ते एकशे एक्याण्णव, दोनशे एकोणतीस… हे तिला कुणी शिकवलं? …स्वतःच शोधलं. सतराव्या वर्षी. …नाही, मला काही झालेलं नाही. पस्तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले, मला हे सुचलं नाही, एवढंच. …जळते आहे? मग जळू नको तर काय करू? सगळं तुझ्याच अंगणात उगवतं.

…काय विचारते ती? …मग थोरल्या आजीने तिनाने कसं भागलं?

…आहे, फोनवरच आहे. थांब, तेव्हाची वही काढते.

…हं. मोज माझ्याबरोबर. एक, दोन, तीन… सोळा, सतरा, अठरा. …नाही, पुढे नाही. अठराच. एक लिहायचा राहिला होता, म्हणून भाग गेला. आप्पांनी भागाकार तपासला, एक मोजले नाहीत. भरवसा होता माझ्यावर.

…दुसऱ्याच दिवशी कळलं होतं मला. …हो, तेव्हाच. पण तू सारी सुट्टी भागत बसलीस, ‘आप्पा, जातच नाही भाग’ म्हणत, आणि ते रोज संध्याकाळी तुझ्याशेजारी बसायचे. हरलेलीच्या शेजारी. माझ्याकडे नुसतं पेन. मग मी तोंड उघडलंच नाही.

…रडू नकोस. मी बोलते आहे. नातीने भाषणात हे जसंच्या तसं सांगायचं. …लाज माझी आहे, तू कशाला वाहतेस?

…पेन? आहे ना. साठ वर्षांत शाई वाळू दिली नाही. थांब, क्षणभर बोलू नकोस…

झालं. वहीत एकोणिसावा एक लिहिला, त्याच पेनाने. …नाही, आता जात नाही भाग. तुझंच बरोबर होतं.

उद्या सकाळी पेन घेऊन येते. …कुणाला पाठवू नकोस, तुझे तीन जिने मला चढता येतात. तुझ्या हातात देईन, नातीच्या नाही. तिला द्यायचं की नाही ते तू ठरव. …पुरे आता. ठेवते.