तासियोची कोंडलेली बोट

(पलावान बेटाच्या उत्तरेकडचं एक गाव. वीज गेलेली दुपार. लोला, म्हणजे आजी, तांदळातले खडे निवडते आहे. नातू बोयेत तिला रेलून बसलाय. बोयेतचा काका, तितो नार्दो, दारात बसून जाळं सांधतोय.)

लोला: आधी डोळे मीट. मिटल्याशिवाय ती बोट दिसत नाही.

बोयेत: मिटले.

लोला: एक उघडा आहे.

बोयेत: तो तितो नार्दोकडे बघतोय. तितो हसतोय.

नार्दो: हसत नाहीये. गाठ सुटेना म्हणून तोंड वाकडं झालंय. मीट तू.

लोला: आता कल्पना कर, तू त्या बोटीवर आहेस. लांबुळकी, शिडाची बोट. दोन्ही अंगांना बांबूची उलांडी, तोल धरायला पाण्यावर टेकलेली, पाणकिड्याच्या पायांसारखी. खाली तळ दिसतोय, त्यात निळे मासे. चारी बाजूंना काळे कडे, नारळाच्या झाडांहूनही उंच. समोर इवलीशी वाळू. आणि बाहेर समुद्रावर जायला एकच वाट, दोन खडकांच्या मधून. दिसलं?

बोयेत: वाडग्यात बसल्यासारखं.

लोला: अगदी तसंच. त्या वाडग्यात आम्ही अडकलो होतो. मी स्वयंपाकाला, तुझा तितो दोरखंडाला, कॅप्टन तासियो सुकाणूवर. आणि पाहुणे. पाठीवर घर घेऊन हिंडणारी तरणी पोरं, जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतली. बेटाबेटांवरून फिरवायचं, पोहायला सोडायचं, रात्री वाळूवर झोपवायचं आणि शेवटी कोरोन गावाच्या धक्क्यावर उतरवायचं, एवढं आमचं काम.

बोयेत: आणि जेनलिन.

लोला: आणि जेनलिन. तासियोची मुलगी, तुझ्याहून थोडी मोठी. शाळेला सुट्टी, आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळायला गेलेली. म्हणून बापाबरोबर बोटीवर. पाहुण्यांना तिनं पत्ते खेळायला शिकवलं आणि मग सगळ्यांना हरवलं.

नार्दो: लबाडी करायची ती.

लोला: तू रोज हरायचास म्हणून तुला तसं वाटतं.

बोयेत: पण अडकलात कशामुळे? वाट तर होती.

लोला: वाट होती, पण बाहेर वारा पिसाळला होता. कड्यांमुळे आत झुळूकसुद्धा नाही. पाणी कसं, ताटात ओतल्यासारखं. म्हणून तर सगळा घोळ झाला. पाहुणे पाण्याकडे बघायचे आणि म्हणायचे, कॅप्टन, इतकं शांत आहे, निघू या ना.

बोयेत: मग त्यानं सांगायचं, बाहेर वारा आहे.

लोला: सांगितलं. रेडिओवर किनाऱ्याचे पोलीस रोज सकाळी ओरडत होते की एकही बोट बाहेर काढू नका. तासियोनं ते ऐकलं, पाहुण्यांकडे वळला, गोड हसला आणि म्हणाला, बाहेर थोडा वारा आहे म्हणतात. आधी जेवून घ्या.

बोयेत: थोडा?

लोला: थोडा. आणि निघायचं कधी विचारलं की 'बघू'. आता तूच सांग, तुझा बाबा 'बघू' म्हणतो तेव्हा काय असतं?

बोयेत: नाही असतं.

लोला: कसं कळलं?

बोयेत: तो माझ्याकडे न बघता म्हणतो. आणि मग कुठंतरी निघून जातो.

नार्दो: माझा भाऊच आहे तो.

लोला: आपल्याला कळतं, कारण आपण त्यातच वाढलो. घरी आलेल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हणजे त्याला दारातून परत लोटायचं. तासियो तर असा, की वाट चुकलेल्या माणसालासुद्धा 'तुम्ही चुकलात' म्हणणार नाही. त्याच्याबरोबर दोन वळणं चालत जाईल. पाहुण्यांना हे कुठून कळणार? त्यांनी 'बघू' ऐकलं आणि ते बघत बसले. दुपारी म्हणाला, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हणाला, उद्या बघू.

बोयेत: मग ते चिडले असतील.

लोला: आधी कंटाळले. अंथरुणं ओली, कपडे ओले. तीच वाळू, तोच कडा, तीच माणसं. पोहून पोहून बोटांना सुरकुत्या पडल्या. एक पोर्तुगालची बाई होती, ती दिवसभर बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची. एवढीशी बोट, दहा पावलांत संपायची. मग वळायची. पुन्हा.

नार्दो: माझ्या पायावर रोज पाय द्यायची. आणि रोज माफी मागायची.

लोला: आणि जूस्त होता. हॉलंडचा, उंच, उन्हानं नाक सोललेलं. त्याच्या भावाचं लग्न होतं घरी. त्याला विमान गाठायचं होतं. आधी तो चांगलं हसायचा, मला कांदे चिरून द्यायचा. मग हसणं बंद झालं. एका संध्याकाळी तासियोपाशी जाऊन बसला. ओरडला नाही. म्हणाला, आम्ही दोघंच भाऊ आहोत. वडील नाहीत. त्याच्या शेजारी मलाच उभं राहायचंय. असं म्हणाला आणि तोंड फिरवून रडायला लागला.

बोयेत: मोठा माणूस?

लोला: मोठा माणूस. खांदे हलत होते. तासियोला ते बघवेना. जूस्तच्या पाठीवर हात ठेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, उद्या सकाळी निघू.

बोयेत: बघू नाही?

लोला: बघू नाही. निघू. आणि मग काय झालं असेल?

बोयेत: सगळे खूश झाले.

लोला: इतके खूश, की तेच वाईट झालं. टाळ्या वाजवल्या. पोर्तुगालच्या बाईनं तासियोला मिठी मारली. कुणी गाणं म्हटलं. जूस्त उठून परत माझे कांदे चिरायला आला. तासियो सगळ्यांच्या मधोमध हसत उभा होता, आणि मला दिसत होतं, या माणसाच्या पायाखालची फळी सरकली आहे.

बोयेत: तू सांगायचंस ना त्यांना.

लोला: कॅप्टन समोर उभा असताना स्वयंपाकीणबाईनं सांगायचं की याचा शब्द खोटा आहे? त्याची मान खाली गेली असती. पण त्याला मी सांगितलं. बाजूला घेऊन म्हटलं, तासियो, आता तरी बोल. तो मला मनांग म्हणायचा, थोरली बहीण म्हणून. म्हणाला, मनांग, कसं बोलू, त्यांनी मला मिठी मारली.

नार्दो: मी बोललो असतो. पण माझं इंग्रजी म्हणजे 'हॅलो' आणि 'मँगो'.

बोयेत: जेनलिननं ऐकलं का हे?

लोला: बाजूलाच लसूण सोलत होती.  ऐकलं तशी सोलायची थांबली.

नार्दो: सकाळी काय झालं ते मी सांगतो. मी होतो तिथं. उजाडताना कॅप्टननं मला छोटी होडी घेऊन बाहेरच्या वाटेच्या तोंडापर्यंत जाऊन बघून यायला सांगितलं. जेनलिन न विचारताच होडीत येऊन बसली. दोन खडकांच्या मधे पोचलो आणि वल्हं थांबवलं. पुढे जायची गरजच नव्हती. पाणी उभं राहत होतं आणि खडकावर पडत होतं. पांढरं. आवाज असा, की जेनलिन मला काहीतरी म्हणाली ते ऐकूच आलं नाही.

बोयेत: मोठी बोट गेली असती तर?

नार्दो: उलांडी तुटली असती. आपली डावी उलांडी तशीही ढिली झाली होती, वेताची बांधणी कुजली होती. ती गेली की बोट एका अंगावर झोपते. आणि तिथं झोपली की उठत नाही.

लोला: हळू सांग, लहान आहे तो.

बोयेत: मी लहान नाहीये. मग?

नार्दो: मग परत आलो. कॅप्टनला म्हटलं, जाता येणार नाही. त्यानं मान हलवली. त्याला आधीच ठाऊक होतं.

लोला: आणि बोटीवर बघावं तर, सगळे पाहुणे तयार. पिशव्या बांधलेल्या, नारिंगी तरंगजाकिटं अंगात, बाकांवर ओळीनं बसलेले. शाळेत पहिल्या दिवशी मुलं बसतात तसे. सगळ्यांची नजर तासियोवर. जूस्तनं स्वच्छ सदरा घातला होता. पिशवीच्या तळाशी जपून ठेवलेला, लग्नात घालायचा. जेनलिन बापाजवळ गेली आणि हळूच विचारलं, तातय, जायचंय का? बापाला तातय म्हणतो आपण, तसंच. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बघू.

बोयेत: म्हणजे नाही.

लोला: तिलाही वाटलं, नाही. पण तो वळला आणि इंजिनाकडे गेला. तुझ्या तितोला म्हणाला, नांगर वर घे.

बोयेत: का? ठाऊक होतं ना त्याला?

लोला: ठाऊक होतं.  मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. भीती नव्हती त्यावर. लाज होती. ओळीनं बसलेल्या त्या माणसांसमोर उभं राहून 'मी काल उगीच बोललो' म्हणणं त्याला जमेना. त्यापेक्षा त्याला समुद्र सोपा वाटला. तसं होतं कधी कधी माणसाचं. त्याला वाईट म्हणू नकोस.

बोयेत: नाही म्हणत. पण मुलगी होती ना बोटीवर.

लोला: होती. आता डोळे मिटून सांग, तू जेनलिन असतास तर काय केलं असतंस?

बोयेत: इंजिनाची किल्ली लपवली असती.

नार्दो: किल्ली नव्हती त्याला. दोरी ओढायची.

बोयेत: मग दोरी कापली असती.

लोला: आणि वारा आत शिरला असता, इंजिनाची गरज पडली असती, तर?

बोयेत: मग ओरडून सांगितलं असतं सगळ्यांना. तातय खोटं बोलतोय म्हणून.

लोला: सांगितलं असतंस? सगळ्यांसमोर? तुझ्या बाबाबद्दल?

बोयेत: ...नाही. रडलो असतो मग.

लोला: तेही तिच्या मनात आलं असेल. ओठ दुमडून उभी होती. एकदा बापाकडे बघितलं, एकदा जूस्तच्या सदऱ्याकडे. आणि मग दिसेनाशी झाली.

बोयेत: कुठं?

नार्दो: मला दिसली. मी बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी होतो, नांगराची दोरी अर्धी वर आलेली. शेजारी पाण्यात काहीतरी सरकलं. शिंतोडा नाही, काही नाही. मला वाटलं कासव. बघतो तर जेनलिन, वाळूकडे पोहत निघालेली.

बोयेत: मोठ्या पाण्यात?

लोला: आत पाणी ताटासारखं, सांगितलं ना. आणि ती मासळीच होती पोहायला. किनाऱ्याला लागली, केस पिळले आणि वाळूवर उभी राहिली.

नार्दो: मी हाक दिली, कॅप्टन, मुलगी किनाऱ्यावर राहिली. त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. सगळ्या माना तिकडे वळल्या.

बोयेत: आणि जूस्त?

लोला: उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग आमच्याकडे वळून म्हणाला, लहान आहे ती, तिला सोडून कसं जायचं. आणि जाकिटाचा बंद सोडायला लागला. पोर्तुगालची बाईही मान हलवत होती. मुलीला टाकून चला असं कोण म्हणेल? कुणालाच कुणाला 'नाही' म्हणावं लागलं नाही.

बोयेत: तासियो रागावला तिच्यावर?

लोला: तो पुढे आला, कठड्याला धरून उभा राहिला आणि तिला हाक मारली. जेनलिन, ये परत.

नार्दो: हाक कसली. मी हाताएवढ्या अंतरावर होतो, मलाच धड ऐकू आली नाही.

बोयेत: मग किनाऱ्यावर कशी ऐकू जाणार?

लोला: नाहीच जाणार.

नार्दो: त्यानं पुन्हा मारली. आणखी हळू. मग डोळे पुसले आणि मला म्हणाला, नांगराची दोरी सोड खाली.

बोयेत: मग जेनलिननं काय केलं? आली?

लोला: नाही. तिनं वाळूवरचे तीन मोठे दगड उचलून आणले, एकेक करून. दोन्ही हातांनी, पोटाशी धरून. आणि ते जवळजवळ लावले.

बोयेत: चूल?

लोला: चूल.

बोयेत: केवढी?

लोला: सगळ्यांचा भात एकदम शिजेल एवढी.