ड्रिल मशीन चालत नव्हते त्याबाबत

मी मयत बाईंची एकुलती सून, वय ३६ वर्षे, धंदा पडदे शिवणे, राहणार त्यांच्याच घरी, तिसरा मजला. आज पोलीस ठाण्यात समक्ष विचारले गेले म्हणून खरे ते सांगते की,

वरील घरात मी, माझे पती व सासूबाई असे तिघे राहत होतो. पती ट्रकवर असल्याने बहुतेक दिवस बाहेर असतात. मी पडदे शिवते आणि सासूबाई गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन रॉड बसवत असत. त्यासाठी त्यांचे स्वतःचे बॅटरीवर चालणारे ड्रिल मशीन होते. त्याला मी हात लावलेला त्यांना खपत नसे.

माझ्या नणंदेचे म्हणणे आहे की, सदर मशीन मोडके आहे, म्हणजे मी मशीनने बाथरूमचे दार काढले हे खोटे. तिच्या मते मी मुद्दाम स्क्रूड्रायव्हरने वेळ काढला आणि त्यात तिची आई गेली. जप्त केलेले मशीन ठाण्यातही चालले नाही, असे मला सांगण्यात आले.

आमच्यात वाद होता काय, असे विचारल्यावरून सांगते की, होता. एका गिऱ्हाइकाचे पडदे जमिनीपासून चार बोटे वर राहिले. त्या म्हणत मी कापड कमी कापले, मी म्हणे त्यांनी रॉड वर ठोकला. तेव्हापासून बोलणे बंद. लेकी बोले सुने लागे करावे तर लेक सासरी, म्हणून त्या भिंतीशी बोलत आणि मी ऐकत असे.

सोमवारी सकाळी मी शिवायला बसले असताना बाथरूममध्ये पडल्याचा आवाज आला. दाराला आतून कडी होती. हाक मारल्यावर त्या म्हणाल्या की उठता येत नाही, डोक्यातून रक्त येते आहे. मी अँब्युलन्सला फोन केला. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना सगळे पैलवान म्हणतात, ते धावत आले व दाराला लाथ घालायला निघाले. सासूबाईंनी आतूनच त्यांना अडवले. दार बाहेर उघडणारे आहे, लाथेने चौकटीत आणखी आवळेल, शिवाय त्या दाराला टेकून पडल्या होत्या. मग पैलवान अँब्युलन्सला वाट दाखवायला खाली रस्त्यावर गेले. पुढचे त्यांनी पाहिले किंवा ऐकले नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "मशीन आण. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत." बऱ्याच दिवसांनी त्या भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलल्या.

त्यांच्या सांगण्यावरून मी स्क्रूच्या खाचांतला रंग कात्रीच्या टोकाने खरवडला, मशीनच्या तोंडात स्क्रू फिरवायचे बिट लावले आणि घोडा दाबला. मशीन सुरू करायला बोटाने दाबतात त्याला त्या घोडा म्हणत. मशीन नुसते टकटक वाजले. आतून त्या म्हणाल्या की मी स्क्रू आवळते आहे. घोड्याच्या वर आरपार बटण आहे, ते डाव्या बाजूने दाबले की मशीन उलटे फिरते. मी दाबले, तरी टकटक थांबेना. तो आवाज ऐकून त्यांनी मशीनच्या तोंडाशी असलेली आकड्यांची रिंग कितीवर आहे ते विचारले. पाचवर होती. पाच हे रॉडच्या हलक्या कामाचे, अठरावर घे, म्हणजे जोर येईल, असे त्या म्हणाल्या. वेगाचे बटण मी घाईने दोनवर नेले होते, ते एकवर आणायला लावले. स्क्रूचे डोके झिजले तर ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही म्हणाल्या.

"अंगाचा भार दे त्याच्यावर. माझ्यावर टाकतेस तसा."

यावर मला हसू आले. लिहायचे असल्यास लिहावे.

खालची बिजागरी सुटली. मधली काढताना त्यांचा आवाज बारीक होत गेला. मला फार भीती वाटली. त्यांनी बोलत राहावे म्हणून मी पडद्यांचा विषय काढला. त्या लगेच म्हणाल्या, "कापड तूच कमी कापलंस." मी हो म्हटले. कापड मी बरोबर कापले होते.

वरच्या बिजागरीच्या वेळी त्यांनी दार खांद्याने धरून ठेवायला सांगितले, नाहीतर दाराबरोबर त्याही बाहेर आल्या असत्या. शेवटचा स्क्रू निघाल्यावर मी दार हळूहळू सरकवून बाजूला केले व त्यांचे डोके मांडीवर घेतले. मशीन माझ्या हातातच होते. ते पाहून त्या म्हणाल्या, "आधी बटण मध्ये कर. कुणाच्या बोटात जाईल." मी घोड्यावरचे बटण मध्ये केले आणि मशीन खाली ठेवले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. अँब्युलन्सने त्यांना दवाखान्यात नेले, तिथे दुसऱ्या दिवशी त्या वारल्या.

बटण मध्ये असले की घोडा दाबला जात नाही. मशीन मोडलेले नाही. नणंदेवर माझा राग नाही, तिची आई गेली आहे. मलाही घर खायला उठते.

मी सांगितल्यावरून हवालदारांनी बटण डावीकडून दाबले. मशीन चालले, उलटे फिरले. रिंग अठरावर व वेग एकवर असल्याचे त्यांनी पाहिले. आवाज ऐकून बाहेर बाकावर बसलेली नणंद आत आली व आई शेवटी काय म्हणाली ते तिने मला विचारले. मी सांगितले. हवालदारांनी मशीन तसेच टेबलावर ठेवले होते. नणंदेने ते उचलून बटण मध्ये केले.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो आहे, इकडचा शब्द तिकडे नाही. वाचून होईपर्यंत नणंद माझ्या शेजारी बसली होती.