आदिवासी ड्रेसचं माप

मी मूळची कुरखेड्याच्या पुढची, गडचिरोली जिल्हा. आमी गोंड. घरी गोंडी, आश्रमशाळेत मराठी, अन् लग्न होऊन रायपूरले आली तं इथं हिंदी, तीन भाषा येतात मले, तरी लोकं मले हळूहळू बोलून समजावतात, जशी मी बहिरीच हाये. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेला, मंग मी शिलाई मशीन धरली. शिवण आश्रमशाळेतच शिकली होती, काजं अशी करत होती का बाई साऱ्या पोट्ट्याईले म्हणत, लक्ष्मीचं काज पाहा.

तं सदर बाजारात सेठचं दुकान हाये, नाटकाचे, शूटिंगचे, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देते तो. पोलीस, वकील, परी, राजा, समदं. कितीक वर्षं झाली, तिथंच मशीनवर बसते मी. अन् आदिवासीचा ड्रेस, काय सांगू तुमाले ताई, तोही मीच शिवत होती. चित्त्याच्या छापाच्या वेलवेटचा घागरा, कमरेले हिरव्या रेक्झिनची पानं, गळ्यात प्लास्टिकची हाडं. सेठ म्हणे, लक्ष्मी, नीचे से फटा हुआ दिखना चाहिए. तं मी खालून वाकडंतिकडं कापत होती, पण भाड्याचा कपडा, सारखा धुतला जाते, धागे निघतीन, म्हणून थ्या फाटक्या काठाले इंटरलॉक मारत होती. हसा तुमी, मलेही आता हसू येते. जंगलातला माणूस अन् काठाले इंटरलॉक. पण हे आपल्याबद्दल हाये असं मले तवा कधी वाटलंच नाई. परीचा ड्रेस तसा आदिवासीचा ड्रेस. माझी माय लुगडं नेसे, बाप बाजाराच्या दिवशी तांब्यात निखारे घालून शर्टाले इस्त्री करे. पानाच्या आमी पत्रावळी लावतो, जेवतो त्याच्यावर, नेसत नाई.

आता ललिताचं सांगते. माझी पोट्टी, एकुलती एक. नर्सिंग केलं तिनं, समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात लागली. एक दिवस डबा विसरली तं मी नेऊन द्यायले गेली. बाकावर बसली, भिंतीवर टीव्ही चालू, कोणती तरी सिरियल, शहरातली हिरोईन जंगलात हरवते अन् काळं फासलेले लोकं तिले खांबाले बांधून भोवती नाचतात, हुर्र हुर्र करतात. माझं लक्ष त्याहीच्या तोंडाकडं नाई, कमरेकडं. लाल धाग्याचा इंटरलॉक. थे शिवले त्या दिवशी काळा धागा संपला होता, म्हणून मी लाल लावला होता. माझ्याच हातचं काम, ताई. पहिले तं मले खुशीच वाटली, खोटं काहून बोलू. बाजूच्या बाईले सांगणारच होती.

तेवढ्यात थेच बाई आपल्या पोरीले म्हणे, देख, मस्ती करेगी तो ये आदिवासी लोग उठा के ले जाएंगे. अन् काउंटरवरची मुलगी हसून म्हणे, अपने गार्ड भैया भी तो उधर के ही हैं, पूछो, आदमी खाते हैं क्या. सारे हसले. ललिता तिथंच उभी होती, हातात सलाईन. तीही हसली. मी डबा काउंटरवर ठेवला अन् निघून आली.

घरी विचारलं. ललिताले मराठी समजते, पण उत्तर हिंदीतच देते. म्हणे, मम्मी, वहाँ मैंने मडावी बताया ही नहीं, सिर्फ ललिता सिस्टर बोलते हैं, आप वहाँ गोंडी मत बोला करो. पहिले एक सिस्टर होती म्हणे, तिचं आडनाव ऐकून पेशंटनं सुई लावू दिली नाई. अन् टीव्हीतला घागरा तं माझ्याच हातचा होता.

दुसऱ्या दिवशी सेठले सांगितलं, हा ड्रेस आता मी नाई शिवणार. सेठ माणूस वाईट नाई, पण म्हणे, तू नहीं सिलेगी तो दिल्ली से आएगा. म्हटलं येऊ दे, दोन धुण्यात उसवन.

महिन्याभरानं एक शूटिंगवाला आला, वीस ड्रेस पाहिजे म्हणे, अर्जंट. मी म्हटलं देते ना, लुगडं देते, शर्ट-पँट देते, मास्तरचा देते, फॉरेस्ट गार्डचा देते, आमच्या गावात हेच घालतात. तो मले समजावते, दीदी, आदिवासी अलग होते हैं, ऐसे में पब्लिक पहचानेगी कैसे. म्हटलं भैया, मी गोंड हाये. त्यानं माझ्या साडीकडं पाहिलं, चष्म्याकडं पाहिलं, म्हणे अच्छा, पर आप वैसी लगती नहीं. घ्या. म्हणजे मीच खोटी अन् रेक्झिन खरं.

सेठ चिडला. लक्ष्मी, बहस मत कर, नाप लिख, नहीं तो कल से मत आना. अन् दारात पाहते तं ललिता. ड्युटी करून मले घ्यायले आली होती स्कूटीनं, नर्सच्या ड्रेसवरच, किती वेळची उभी होती कोण जाणे. मले वाटलं आता म्हणन, मम्मी चलो, क्यों तमाशा करती हो. तं ती आत आली, माझ्या गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला अन् थ्या माणसासमोर हात पसरून उभी राहिली. म्हणे, आदिवासी की नाप चाहिए ना सर, मेरी ले लीजिए. मम्मी, लिखो. नाम भी लिखो, ललिता मडावी, पूरा. बाजूच्या सोनाराकडचे लोकं येऊन पाहून राहिले. मी घेतलं माप. खांदा, बाही, कंबर, उंची, एकेक मोठ्यानं बोलून लिहिलं. थो माणूस गेला, ऑर्डरही गेली.

सेठनं चार दिवस तोंड फुगवलं, मंग निरोप पाठवला का ये, दुसऱ्या कोणाची काजं त्याले पसंत पडत नाई. दिल्लीचा घागरा टांगला हाये दुकानात, मी त्याले हात लावत नाई. दवाखान्यात आता मडावी सिस्टर म्हणतात तिले, एकदोन पेशंट दुसरी सिस्टर मागतात. मागू द्या. कधी घरी येऊन रडते पोट्टी, मी म्हणते रड, पण उद्या कामावर जा. अन् तुमी मघाशी म्हणल्या ना ताई, आमाले त्रास नको म्हणून छापताना नाव बदलतो. नका बदलू. देव तुमचं भलं करो, पण लक्ष्मी मडावीच लिहा.