अप्पा विचारायचे, “काढू का?”

जमलेल्या मंडळींनो, आणि पुढे बसलेल्या काकू,

बोलायला उभा राहिलोय खरा, पण शब्द काही सापडेनात. म्हणून आधी एक गंभीर तक्रार नोंदवतो. माझ्या मागे हा जो फ्लेक्स लावलाय, त्यात आपल्या अप्पांना निळा कोट आणि लाल टाय घातलाय. निलंग्यात चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवलेल्या, पांढऱ्या सदऱ्यापलीकडे कधी न गेलेल्या माणसाला! डोळेही जरा मोठेच केलेत. शिवाय खाली शोकाकुल म्हणून ज्यांचे फोटो आहेत, त्यांतले निम्मे अप्पांपेक्षा मोठे दिसतात. स्वतःच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मृताला थोडी अधिक जागा मिळावी, एवढी मागणी शास्त्राला धरूनच आहे.

हसलात. बरं झालं. मला थोडं सोपं जाईल.

मी लातूरचा वार्ताहर. पाठशाळेत संस्कृत घोकून बातमीदारीत आलो, म्हणून अप्पा मला शास्त्रीबुवा म्हणत. बातमी माझी, फोटो अप्पांचा, अशी आमची वीस वर्षांची जोडी.

अप्पांची एक सवय तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ते विचारायचे, “काढू का?” समोर मंत्री असो, नाहीतर बाजारातली भाजीवाली. अप्पांच्या समाजात माणूस गेला की त्याला अंघोळ घालून, विभूती लावून बसवतात. घरचे शेजारी बसून शेवटचा फोटो काढून घेतात. त्यालाही अप्पांनाच बोलावणं असायचं. चपला बाहेर काढायच्या, त्या गेलेल्या माणसापुढे वाकायचं आणि हळूच विचारायचं, “काढू का?”

मी एकदा चेष्टा केली. “अप्पा, उत्तर येतं का हो?”

“तुला न्हाई येणार, शास्त्रीबुवा. तू विचारतोस कुठं?”

मग ती निवडणूक आली. आपल्या भाऊसाहेबांचा, म्हणजे तेव्हाच्या आमदारांचा, अर्ज भरून झाला होता, आणि त्यांना अर्धांगाचा झटका आला. घरचे म्हणत होते, सर्दी झालीय. लातूरच्या दवाखान्यासमोर आम्ही सगळे वार्ताहर ताटकळत उभे. अप्पा त्यांचे शाळासोबती, म्हणून त्यांना तेवढं आत घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आले. लेन्सवरचं झाकण तसंच.

“फोटो?”

“न्हाई काढला. विचारलं त्यास्नी. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.”

मी फाटकातच ओरडलो. “अप्पा, हा सार्वजनिक माणूस आहे! लोकांनी मतं द्यायची आहेत. त्यांना कळायला नको?”

“कळू दे की! लिही. वाचा गेलीय, उजवा हात हलंना. घरचे सर्दी सांगायलेत ते खोटं हाय. माझं नाव घालून लिही.”

“मग फोटोनं काय बिघडलं?”

“हात चालंना, हे मत देणाऱ्याला कळाया पायजे. लाळ कशी गळती, ते बघून काय करणार हाय तो?”

मी लिहिलं. अप्पांच्या नावासकट लिहिलं. भाऊसाहेबांच्या माणसांनी अप्पांशी बोलणं टाकलं. फोटो नाही म्हणून माझ्या कार्यालयानेही त्यांना बोल लावले. दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस बहुधा बरोबर असतो, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मीही रुसून बसलो होतो.

पुढे मात्र हाच किस्सा मी पत्रकारितेच्या शिबिरांत सांगू लागलो. माणूस सार्वजनिक असला तरी त्याचं काय सार्वजनिक आणि काय त्याचं स्वतःचं, यावर तासभर बोलतो. टाळ्या पडतात.

आणि गेल्या मंगळवारी अप्पा गेले.

अंगणात त्यांना बसवलं होतं. मान कलू नये म्हणून उपरणं बांधलेलं. कार्यालयातून फोन आला, “अप्पांचा फोटो पाठवा, लगेच.” जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो कोणाकडेच नव्हता. घरात कुठेतरी आधारकार्ड असणार. थांबलो असतो तर मिळालं असतं. मी थांबलो नाही. मोबाईल वर केला आणि काढला. पाठवला. तो छापून आला. तिथून फ्लेक्सवाल्याने उचलला.

मंडळी, हा मागचा चेहरा तोच आहे. कोट फ्लेक्सवाल्याचा. डोळेही त्यानेच कॉम्प्युटरवर उघडलेत, कोणाचे आहेत देव जाणे. फोटो माझा.

काकू, तुमच्या माणसाचा फोटो, आणि मी तुम्हालाही विचारलं नाही. माफ करा म्हणण्याची सोय मी ठेवलेली नाही, तरी म्हणतो.

चूक झाली, त्याचं वाईट वाटतंच. पण माझी खरी काळजी दुसरी आहे. त्या वेळी माझ्या मनात काही झगडा झालाच नाही. झाला असता, तर मी हरलो असं म्हणता आलं असतं. मला ते दोन शब्द आठवलेसुद्धा नाहीत. ज्यांच्यावर मी वीस वर्षं लिहिलं, त्यांच्यापैकी किती जणांनी भिंतीकडे तोंड फिरवलं असेल आणि मला दिसलंही नसेल?

हा फ्लेक्स आता खाली उतरवावा, ही माझी विनंती. नंतर आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. मोबाईल सगळ्यांनी खिशात ठेवा. माझा मी काकूंच्या हाती देतो. माझ्या हाताचा मला आता भरवसा वाटत नाही.