सहा घरं आणि एक व्रत

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या विद्यार्थी बंधुसंघाचे पहिले बंधू श्री. दत्तोपंत वकीलसाहेब, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि आमच्या कापसाच्या जिनिंगचे मालक श्रीमान रतनसिंगजी, परगावाहून तकलीफ सोसून आलेले माजी बंधू, राममंदिरामागच्या खोलीत सध्या राहणारे विद्यार्थी, आणि ज्यांच्या चुलींवर हा संघ उभा आहे त्या, उजव्या हाताला बसलेल्या सर्व माताभगिनींनो,

गुरुवार, दिनांक एक मार्च एकोणीसशे पंचेचाळीस. सकाळचे साडेदहा. त्या वेळी मी रुख्मिणीबाईंच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पुरणपोळी खात होतो.

सत्काराच्या उत्तराची अशी सुरुवात करत नाहीत, हे मला कळतं. माझं शिक्षण अर्धवट असलं तरी सभा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. उत्तर मी घरून लिहून आणलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलेले आहेत. त्यात आधी आभार होते आणि ही पुरणपोळी कुठंच नव्हती. परंतु आत्ता दत्तोपंतांनी माझ्याविषयी जे शब्द काढले, ते ऐकून मला खुर्चीवर नीट बसवेना. ते म्हणाले, "संघ सोडून गेलेले पुष्कळ. नांदेडला गेले, हैदराबादला गेले. शिक्षण संपल्यावरही संघाला धरून राहिला तो एकटा मार्तंड." टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. थोड्या वेळानं मला आजीव कार्यवाह करण्याचा ठराव यायचा आहे. त्याआधी मला बोलू द्यावं, एवढी अध्यक्षांना विनंती.

आमचा रिवाज पाहुण्यांना कदाचित ठाऊक नसेल. आमच्या खोलीत चूल नाही. गरिबाचं पोरगं शिकायला हिंगोलीला येतं, खोलीत निजतं आणि आठवड्याचे सात वार सात घरी जेवतं. शाळा सुटून पोरगं गावी निघालं की ते नव्या पोराला मनगटाला धरून प्रत्येक घरी नेतं. उंबऱ्याशी वाकून म्हणतं, "माझं पान आता याचं." मग घरची माउली नव्या पोराला एकच प्रश्न विचारते, "तुला काय आवडत नाही?" एकच पदार्थ सांगायचा. तो त्याच्या पानात कधी पडत नाही. बाकी जे वाढलं ते खायचं. याला आम्ही 'पान देणं' म्हणतो. दत्तोपंतांचं पान असंच कुणाकुणाच्या हातून माझ्यापर्यंत आलं होतं. तेव्हा दत्तोपंतांनी आपला नावडता पदार्थ कोणता सांगितला होता, हे विचाराल तर दोडक्याची भाजी. ते आज वकील आहेत, पण दोडक्याच्या बाजूनं ते अजून उभे राहणार नाहीत.

एकोणचाळीस साली माझं शिकणं संपलं. 'संपलं' हा शब्द दत्तोपंतांचा. मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झालो होतो. माझी पानं त्र्यंबकला द्यायची होती. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. आज तो वसमतला मास्तर आहे. मी त्याला मनगटाला धरून घरोघर नेलं. पहिल्या घरी विचारलं, "काय रे, झालास का पास?" दुसऱ्या घरीही तेच. द्वारकाबाईंनी तर आतून पेढ्यासाठी वाटी आणली होती. ती त्यांनी तशीच पदराआड परत नेली. त्या वाटीचं मला अजून स्वप्न पडतं. असं करत सहा घरं झाली. सातवं घर रुख्मिणीबाईंचं, गुरुवारचं. तीन दिवस आधी तिथं जेवायला गेलो होतो, तेव्हा निकाल लागलेला होता. त्या घरी मात्र मला कुणी काही विचारलं नाही. ताक वाढलं, आणखी भात घेतोस का म्हणाल्या, बस. मला वाटलं, साऱ्या हिंगोलीत एवढा एक उंबरा आहे, जिथं मी नापास नाही. त्यांच्या बोळाच्या तोंडाशी आलो आणि त्र्यंबकचं मनगट सोडलं. म्हणालो, "गुरुवारचं मी नंतर बघतो."

ते 'नंतर' सहा वर्षांत आलं नाही.

पुढं मी जिनिंगमध्ये कारकून झालो. पगार येऊ लागला, खोली घेतली, हातानं भात शिजवू लागलो. जेवणाची ददात नव्हती. तरी गुरुवारी साडेदहाला मी त्या पाटावर हजर. रतनसिंगजी, गुरुवारी मी कामावर उशिरा येतो तो दत्ताच्या पूजेमुळं, अशी आपली समजूत आहे. मी तसं कधी सांगितलं नाही. तसं नाही, असंही सांगितलं नाही. बाकी दिवशी संध्याकाळी मी संघाच्या खोलीवर. पोरांचे निबंध तपास, माजी बंधूंना पत्रं लिही, कंदिलाच्या काचा पूस. मी संघाचं करतो आहे असं मलाही वाटत होतं. पोरं भाऊ, भाऊ म्हणत. गावी कुरुंद्याला वडील त्या निकालापासून मला अजून हाक मारत नाहीत, मग इथं कुणी भाऊ म्हटलं तर माणूस उठून जाईल का?

आता त्या पुरणपोळीकडे येतो. होळी होऊन दोन दिवस झाले होते. काकूंनी, म्हणजे रुख्मिणीबाईंनी, माझ्या पानात तिसरी पोळी टाकली. मी नको नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "खा. केल्यात ढीगभर, खाणार कोण? दर होळीला हात जुन्या अंदाजानंच पीठ भिजवतो मेला." मग चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "मार्तंडा, एक विचारू का? तुमच्या संघातली पोरं माझ्या घरी काहून येत नाहीत रे?"

मी घास गिळला.

"सहा वर्षं झाली. बोळातून जातात, येतात. शेजारी सोमवारचं पोरगं जेवून जातं, त्याच्या चपला दिसतात मला. माझ्या दारी एक पाऊल नाही. ज्या साली हे गेले, त्याच सालापासून. पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं नको वाटत असेल लेकरांच्या आयांना. विचारायला जावं तर वाटतं, भीक मागून राहिले. तू तेवढा येतोस. तुझे उपकार आहेत बाबा."

सभाजनहो, 'तुझे उपकार आहेत' असं त्या मला म्हणाल्या. माझ्या हातात त्यांची पोळी होती.

मी हात धुतले आणि तडक खोलीवर गेलो. सणाची सुट्टी होती. पोरं आपापल्या वाराच्या घरी जेवायला गेली होती. एकटा यज्ञेश्वर भिंतीशी पाठ लावून पाटीवर गणितं करत बसला होता. त्याची-माझी जी बोलाचाली झाली ती सांगतो.

"जेवायला गेला नाहीस?"

"आज गुरुवार हाय, भाऊ."

"मग?"

"मग काय? उपास. तुमचंच तर व्रत."

"माझं?"

"व्हय. मला पानं देताना सांगितलं की या पानाला सहा घरं आणि एक व्रत हाय. मार्तंडभाऊंनी घालून दिलंय. गुरुवारी निस्तं पाणी. मोडलं तर माणूस मॅट्रिकला बसतो, पण पास होत न्हाई." मग तो जरा हसला. "भाऊ, रागावू नका. तुमच्या हाताला तुपाचा वास येऊन राहिला."

एवढं झाल्यावर मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "व्रत चांगलं आहे. अभ्यासाला मन लागतं." आणि निघून आलो.

याच यज्ञेश्वरचं मी दिवाळीच्या पत्रात सर्व माजी बंधूंना कौतुक लिहून कळवलं होतं. 'या वयात गुरुवारचा कडक उपवास करणारा आदर्श विद्यार्थी.' ते पत्र आपल्यापैकी पुष्कळांकडे असेल. एकही अक्षर चुकलेलं नाही त्यात.

दुसऱ्या दिवशी आपल्या संस्थानातली शुक्रवारची सुट्टी. मोटारीनं वसमतला गेलो आणि त्र्यंबकला गाठलं. विचारलं, हे व्रत कुठून आलं? तो म्हणाला, "तुमी म्हणालात, नंतर बघतो. दोन गुरुवार मी वाट पाहिली. तिसऱ्या गुरुवारी पोरं चिडवायला लागली की याला एका घरानं हाकललं. म्हणून सांगितलं, व्रत हाय. तुमचं नाव घेतलं की कुणी हसत नव्हतं."

"मला काहून विचारलं नाहीस?"

"तुमी रोज कंदिलाच्या काचा पुसायला यायचे, भाऊ. जो माणूस आपलं इतकं करून राहिला, त्याला जेवण कसं मागायचं?"

त्र्यंबकनं ते व्रत पुढच्या पोराला दिलं. त्यानं यज्ञेश्वरला दिलं. पानाबरोबर माझी भूकही अशी हातोहात पुढं गेली. पाटावर मी बसलो आणि उपाशी पोरं राहिली. वर त्या उपवासाला माझं नाव.

इतकं कळल्यावर माणूस काय करील? लगेच जाऊन सांगेल. मीही तेच ठरवलं होतं. परवाच्या गुरुवारी, आठ तारखेला, सगळं पाठ करून काकूंकडे गेलो. त्यांनी पाट मांडलेलाच होता. वांग्याचं भरीत होतं. मी बसलो, जेवलो, आणि काही न सांगता परत आलो. पहिल्या सहा वर्षांना मी नकळत म्हणू शकेन, निदान स्वतःशी. आठ तारखेच्या भरिताला काय म्हणू? म्हणून हे सभेत सांगतो आहे. पाटावर बसलो की माझी जीभ फक्त चव घेते, हे मला त्या दिवशी कळलं.

दत्तोपंत, आपण घड्याळाकडे पाहता आहात. दोनच गोष्टी राहिल्या.

आजीव कार्यवाहाचा ठराव कृपा करून मांडू नये. संघाला धरून राहिला, असं आपण म्हणालात. धरून राहिलो हे खरं आहे. काठावर उभं राहून बुडत्याला हात देणारा धरून राहतो आणि बुडणाराही धरूनच राहतो. मी कोणत्या जातीचा होतो, ते आता आपल्याला कळलं आहे. जे नांदेडला गेले, ज्यांनी चार वर्षांत एक पत्र लिहिलं नाही, ज्यांना मी याच सभेत दोनदा कृतघ्न म्हटलं, त्यांनी सातही पानं दिली होती. त्यांची मी क्षमा मागतो. आपण हा समारंभ सत्काराचा म्हणून भरवला. मी तो निरोपाचा करतो आहे. आजपासून मी खोलीवर येणार नाही. कंदिलाच्या काचा पोरांना पुसता येतात. त्यांना ते यायचंच, मी पुसू देत नव्हतो.

आता दुसरी. काकू, आपण दाराशी बसला आहात, मला दिसतं आहे. पदर तोंडावर घेऊ नका. आपल्याला लाजण्याचं कारण नाही. आपल्या घराला कुठल्याच पोरानं टाळलं नाही. कुणाच्या आईनं नको म्हटलं नाही. आपल्या कपाळाचा यात काही संबंध नाही. पोरं येत नव्हती, कारण आपल्या दारात मी बसलो होतो.

यज्ञेश्वर, ऊठ. ऊठ म्हणतो ना. असा इकडं ये. जरा वाट द्या त्याला, रतनसिंगजी. हात दे. हात नव्हे, मनगट. बंधूंनो, उंबरा इथं नाही. सभागृहाच्या दारालाच आपण उंबरा म्हणू.

काकू, माझं पान आता याचं.

काय म्हणालात? मला ऐकू आलं नाही. पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही आहात, त्याच्याशी बोलता आहात. बरोबर आहे. यज्ञेश्वर, काकूंनी तुला काहीतरी विचारलं. उत्तर दे. मोठ्यानं, मागं बसलेल्यांना कळू दे.

"उपास," म्हणतो आहे. त्याला उपास आवडत नाही.

हसा. हसायला हरकत नाही. सहा वर्षांत एवढं तरी झालं पाहिजे. काकूही हसल्या, असं मला वाटलं. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहावं असं काही मी केलेलंही नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. रतनसिंगजी, येत्या गुरुवारपासून मी वेळेवर कामावर येईन. शाल खुर्चीवर घडी करून ठेवली आहे. ती सहा वर्षं त्र्यंबकला द्यायची राहिली, असं समजून त्याला द्यावी. नारळ खोलीवर फोडावा. बोलताना एखाद्या शब्दाचा उच्चार चुकला असेल, मानापानात कुणाचं नाव मागंपुढं झालं असेल, तर सभेनं पोटात घालावं. बाकीच्याची माफी सभेकडे मागत नाही. ती सभेची नाही. ज्यांची आहे ते दोघं गुरुवारी साडेदहाला एका पाटाशी भेटतील. तिथं ठरेल ते मला मान्य आहे.

रजा घेतो.