घरी बोलतेस तसं

—नाही आई, त्या लाल दिव्याकडे नको बघूस, माझ्याकडे बघ. दिवा लागला म्हणजे यंत्र ऐकतंय, बस्, एवढंच. पदर कशाला सावरतेस गं, फोटो नाही घेत, नुसता आवाज घेतेय. बोल आता. काहीही बोल, घरी बोलतेस तसं... थांब, थांब. 'बालपणी आम्ही नांदगाव खंडेश्वर येथे वास्तव्यास होतो' — वास्तव्यास? तुझ्या माहेरी कोणी कधी 'वास्तव्यास' होतं का? राहत होतात ना? म्हणजे 'राहत होतो'सुद्धा नाही, तुम्ही आणखी वेगळंच काहीतरी म्हणत असाल, तेच तर हवंय मला!

चिडले नाही मी. आवाज चढला असेल, सकाळपासून बोलतेच आहे ना. तुला काय सांगू, हा वारसा महोत्सव सुरू झाल्यापासून मी या वर्गात बसलेय. सगळं शहर गावाभोवतीचा जुना परकोट बघायला गेलंय, त्याच्या गेटांपुढे फोटो काढतंय, आणि मी स्वतः मागून घेतलं हे काम, कारण दगड कुठे पळून जात नाहीत, माणसांचं बोलणं जातं. बाहेर पाटी लावली, 'वऱ्हाडी बोला, आवाज जपा'. लोक येतात, नाही असं नाही. व्हरांड्यात नंबरावरून मस्त भांडतात, 'सरक ना बे, काहून घुसून राहिला' — आणि आत येऊन खुर्चीवर टेकले, दिवा लागला, की एकदम आकाशवाणीच्या बातम्या! ते वलगावचे नत्थुजी, त्यांनी तर खिशातून कागद काढला. 'उपस्थित मान्यवर आणि बंधुभगिनींनो.' खोलीत मी एकटी! मी हात जोडले, म्हटलं काका, साधं बोला. तर बाहेर जाऊन कोणाला तरी म्हणाले, 'काय पोट्टी हाय बाप्पा, म्हन्ते शिकेल मानसावानी बोलू नका. मंग शिकलो कायले?' हे हवं होतं मला, हेच! पण ते दारापलीकडे. दाराच्या या बाजूला काही उरतच नाही.

आज समारोप आहे. महादेवराव — समितीचे अध्यक्ष गं, ते म्हणाले मंचावरून एक आवाज ऐकवू, अस्सल, दोन मिनिटं. मी म्हटलं, माझ्या आईचा. हो, तुला न विचारता म्हटलं. मग कोणाचा म्हणणार? मी ऐकलंय तुला. परवा गच्चीवर तू आणि शेजारची जैनबबी तुरीच्या शेंगा सोलत बसला होतात, तेव्हा मी जिन्यात होते. चोरून नाही, चप्पल काढत होते — बरं, थोडं चोरून. 'अवो जैनबबी, त्या महादेवरावाच्या हातात माइक गेला का सोडतच नाही पाहा, सासऱ्यानं आंदनात देल्ल्यावानी धरून बसते.' आणि जैनबबीला हसून हसून ठसका लागला. आई, मी तोंडावर ओढणी दाबून हसले. मला माहीतच नव्हतं तू इतकी गमतीशीर आहेस! आणि मी वर आले तर तुझा चेहरा असा झाला, पाहुणे आल्यासारखा — 'चहा घेणार आहेस का, मैथिली?' आवाजसुद्धा दुसराच. जैनबबी शेंगा गोळा करायला लागली. मी घरातलीच आहे ना आई?

जाऊ दे, ते नको. कामाचं बोलू. शाळेचं सांग ना, तुझ्या. दुरून यायचीस म्हणे चालत... हां... हां... आं! 'शाळा सुटली का सारे पोट्टे पयत सुटत' — बघ, आलं! आलं ना! पुढे बोल — का थांबलीस? नाही गं, हसले नाही. म्हणजे हसले, पण आनंदानं. या हसण्यात आणि त्या हसण्यात फरक आहे. — त्या म्हणजे कुठल्या? मला वाटलं तूच म्हणालीस. नाही म्हणालीस? मला वाटलं तू डेहराडूनचं म्हणतेस, माझ्या शाळेच्या हॉस्टेलचं. तू चिवड्याचा डबा घेऊन आली होतीस, वॉर्डनच्या खोलीपुढे मोठ्यानं काहीतरी बोललीस, आणि त्या पुण्याच्या दोघी होत्या ना, त्यांनी नक्कल केली — सगळ्या हसल्या. सगळ्याच हसल्या. मी लहान होते आई, सगळ्यांत बसून मी एकटी कशी गप्प राहणार? पण तू तेव्हा बाहेर रिक्षावाल्याशी बोलत होतीस. तुला ऐकू गेलं नव्हतं ते.

नव्हतं ना?

आई?

...म्हणून फोनवर तसं बोलायला लागलीस का. मला वाटायचं, लांबच्या फोनवर असंच बोलतात. किंवा बाबांचे पक्षकार बसलेले असतील समोर. शाळेत मराठी नव्हतंच मला, माझं सगळं मराठी त्या रविवारच्या फोनवरचं आहे. इथे लोक विचारतात, 'ताई, पुन्याच्या का?' मी सांगते, छे, अमरावतीची, आईकडून शिकले. कॉलर ताठ करून सांगते. आणि ते मराठी तू — ते तू दुसऱ्या कोणाशी बोलतच नव्हतीस. एकट्या माझ्याशी. म्हणजे तुझी खरी भाषा सगळ्या गल्लीला येते, भाजीवालीला येते, आणि मी इथे पाटी लावून बसलेय!

मी बोलू का आधी? तुझा संकोच जाईल. 'आई, मले... मले सांगून राहिली का तू' — असंच ना? चुकलं? चुकलं तर सांग की, हस मला, नक्कल कर माझी! असं नको बघूस. डोळे पूस. नाही, मी नाही रडत, धूळ आहे या वर्गात.

कोण? — या ना खाला, या. बघ आई, जैनबबी आली. खाला, तुम्हीच समजवा हिला... काय? 'काहून वो सिंधू, लेकीनं परीक्षेले बसवलं का तुले?' — हसलीस! आई, हसलीस तू! दे, आता दे उत्तर तिला, यंत्र चालूच आहे, मी इकडे भिंतीकडे तोंड करून बसते. मी नाहीच असं समजा. बोला.

बोला ना.

काय म्हणता खाला? मी असेपर्यंत नाही? हे तुम्ही म्हणता, आई नाही म्हणत. — म्हणते? मान हलवलीस, दिसलं मला. पण मी बाहेर गेले तर ऐकणार कशी? समारोपाचं नाही म्हणत, आई, समारोप गेला खड्ड्यात, तिथे महादेवराव बोलतील तासभर. मला ऐकायचंय. मला.

...बरं. केलं बंद. हे बघ, वायरच काढली. — फोन? फोन राहू दे ना टेबलावर, तो काही आपला... बरं, नेते. नेते गं. नाही, व्हरांड्यातही नाही थांबत, पार मैदानात जाते. खाला, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा, त्या स्टुलाची एक तंगडी हलते.

दार लोटून घेऊ का, आई?

पूर्ण?

बरं.