कुंचला धुणार कोण?

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, कारागीर मंडळाचे येनसाहेब, व्यासपीठावर अवघडून बसलेले उत्सवमूर्ती पांग उस्ताद, आणि चहा मिळेपर्यंत जागेवरून न हलणाऱ्या सूझौच्या आमच्या गल्लीतल्या रसिकहो,

पांग उस्ताद जेडचा दगड कोरत आले आणि मी, रुआन, त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं सांभाळत आले. यांतलं कठीण काम कोणतं, हे सांगायला हवं का? लिहिणाऱ्याच्या मेजावरची भांडी म्हणजे यांचा जीव. कोणी कुंचला धुवायचं पात्र उचललं की आतून आवाज यायचा, "लिहिता का?"

"छे हो, टरबुजाच्या बियांची सालं टाकायला हवंय."

झालं! पात्र परत कपाटात, गिऱ्हाईक दाराबाहेर आणि बोलणी मला.

आमच्या गल्लीत लिहिलेल्या कुंचल्याची शाई आत उतरल्याशिवाय असं पात्र पुरं झालं, असं कोणी मानत नाही. पण हल्ली कुंचल्यानं लिहितं कोण? येनसाहेब, तुम्ही? बरं, राहू द्या.

उस्तादांचं शेवटचं काम हे इथे टेबलावर आहे. कमळाच्या पानाचं पात्र, काठावर बेडूक. दगडाची तपकिरी साल वाया न घालवता तिचाच बेडूक केलाय. चेहरा ओळखीचा वाटतो, पण अध्यक्षांसमोर ते नको. उद्या उस्ताद कायमचे मुलीकडे छंगदूला निघाले. "लिहिणारा भेटला नाही, तर हे कोरडंच ट्रंकेत जाईल," म्हणाले आणि ताटावरून उठले. मला फार वाईट वाटलं. जन्मभर कोरायचं आणि शेवटचंच अपुरं न्यायचं?

उस्ताद, वर्षभर मी "पाठ चोळून घ्यायला जाते" म्हणून लवकर निघायचे ना? पाठ ठणठणीत आहे. मी कुंचला धरायला शिकत होते. हे भाषण माझ्या हातचं आहे. काय म्हणालात? "हात दाखव"? हे घ्या, मनगटापर्यंत काळे!

आता मंडळी, पानात पाणी ओतते आणि माझा शाईचा कुंचला बुडवते. अहो उस्ताद, उठू नका, धक्का लागेल! बघा, बेडकाच्या पायाशी पाणी काळं झालं.

काय? "अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे"? असू दे. पात्र पुरं झालं ना? मग डोळे पुसा आणि पात्र माझ्या हाती द्या. कोरडं राहणार नाही, हा माझा शब्द.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यातलं चुकलंमाकलं तुम्ही पोटात घाला, अक्षरातलं उस्ताद घालतील. आणि उस्ताद, छंगदूहून पत्र टाका. उत्तर कुंचल्यानंच येईल. अक्षर लागलं तर वाचा, नाही लागलं तर शिकवायला परत या.